बाबा म्हणतात, ‘मला यातून सोडव’

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग असून तो मणक्यात आणि कमरेच्या हाडांत पसरला आहे. केमोथेरपीचा आता उपयोग होणार नाही, असे डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितले. बाबा पूर्ण शुद्धीत आहेत, पण वेदनांनी आणि धापेने ते जेरीस आले आहेत. ‘डॉक्टरांना सांग, एक इंजेक्शन देऊन मला यातून सोडवा, नाहीतर जिथे हे कायद्याने चालते अशा देशात मला घेऊन चल,’ असे ते मला रोज म्हणतात. दादाला हा विषयच नको आहे. शेवटपर्यंत व्हेंटिलेटरसकट सगळे उपचार झाले पाहिजेत, ते थांबवणे म्हणजे बाबांना आपणच मारणे, असे तो म्हणतो. मी बाबांना काय उत्तर देऊ? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची भेट ठरली आहे. — एक मुलगी

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातल्या ज्या मागणीने तुमची झोप उडाली आहे, तिचे कायदेशीर उत्तर स्पष्ट आहे, म्हणून ते आधी देते. मृत्यू घडवून आणण्यासाठी भारतात कोणताही डॉक्टर इंजेक्शन देऊ शकत नाही. रुग्ण पूर्ण शुद्धीत असला, त्याने लेखी विनंती केली आणि सगळे कुटुंब एकमताने पाठीशी उभे राहिले, तरीही नाही. रुग्णाच्या संमतीमुळे गुन्ह्याचा दर्जा खुनावरून सदोष मनुष्यवधावर येऊ शकतो, गुन्हा मात्र नाहीसा होत नाही. घरच्या माणसाने त्या हेतूने औषधे आणून हाताशी ठेवली, तर भारतीय न्याय संहितेनुसार तो आत्महत्येला साहाय्य केल्याचा गुन्हा ठरतो आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तेव्हा बाबांना बरे वाटावे म्हणूनसुद्धा ‘बघते, काहीतरी करते’ असे अर्धवट आश्वासन देऊ नका. ते त्यावर विसंबून राहतील, आणि या दिवसांत तुमच्या शब्दावरचा त्यांचा विश्वास मोडणे हे दुखण्याहून वाईट ठरेल.

परदेशाचेही थोडक्यात सांगून टाकते. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून आणि न्यूझीलंडमध्ये २०२१ पासून डॉक्टरांच्या साहाय्याने मृत्यू पत्करण्याची कायदेशीर सोय आहे. परंतु अशा बहुतेक व्यवस्था त्या त्या देशातल्या रहिवाशांसाठी किंवा तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली असलेल्या रुग्णांसाठी आहेत. बाहेरच्या देशांतल्या रुग्णांना स्वीकारणाऱ्या संस्था मुख्यतः स्वित्झर्लंडमध्ये आहेत. तिथेही डॉक्टर इंजेक्शन टोचत नाही; शेवटची कृती रुग्णाला स्वतःच करावी लागते, आणि त्याआधी वैद्यकीय कागदपत्रे, अर्ज, डॉक्टरांच्या मुलाखती असा बराच काळ घेणारा क्रम असतो. मणक्यात रोग पसरलेल्या आणि धाप लागणाऱ्या माणसाला इतका लांबचा विमानप्रवास सोसेल, असे मला वाटत नाही. शिवाय भारतीय नागरिकाने देशाबाहेर केलेल्या कृत्यालाही आपला फौजदारी कायदा लागू होतो, त्यामुळे सगळी व्यवस्था करून देणाऱ्या मुलीच्या डोक्यावर टांगती तलवार राहील. हा मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही.

एवढे सांगून मी थांबले असते, तर बाबांना ‘नाही’ म्हणण्यापलीकडे काहीच केले नसते. त्यांच्या मागणीच्या पोटात काय आहे, हे अजून कोणी त्यांना विचारलेले दिसत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित असलेल्या रुग्णाला डॉक्टरांकडून असे औषध लिहून घेण्याचा अधिकार १९९७ पासून आहे, आणि तिथले सरकार दरवर्षी त्याचा अहवाल प्रसिद्ध करते. तो वाचताना पहिल्यांदा आश्चर्य वाटते, कारण वेदना किंवा वेदनेची भीती हे कारण त्यात बरेच खाली येते. आपल्या आयुष्यावर आपला ताबा उरला नाही, जे करण्यात आनंद होता ते करता येत नाही, प्रतिष्ठा गेली, ही कारणे सर्वांत वर असतात. दुसरी गोष्ट अशी की ज्यांना औषध लिहून दिले जाते, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोक ते घेतच नाहीत. काहींचा मृत्यू त्याआधी होतो, तर काहींना आपल्याजवळ मार्ग आहे एवढाच दिलासा पुरतो. मृत्यूची इच्छा खोटी नसते. पण ती दर दिवशी सारखीही नसते. रात्रभर झोप न झालेला माणूस सकाळी जे मागतो, तेच वेदना थांबलेल्या दुपारी मागेलच असे नाही.

म्हणून बाबा पुन्हा ‘सोडव’ म्हणाले, तर ‘असे अभद्र बोलू नका’ म्हणून विषय तोडू नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘बाबा, यातले सर्वांत असह्य काय आहे?’ रात्रीची धाप, कुशीवर वळतानाची कळ, मुलीने अंग पुसावे याचा संकोच, की आपल्यामुळे घर खर्चात आणि कष्टात पडले ही टोचणी? यांतल्या प्रत्येक उत्तरावर करायची गोष्ट वेगळी आहे. त्यांना कशाची भीती वाटते तेही विचारा. कर्करोगाचे अनेक रुग्ण गुदमरून जाण्याच्या भीतीत दिवस काढतात, आणि त्या भीतीबद्दल त्यांच्याशी एकही डॉक्टर बोललेला नसतो. ते सतत उदास राहत असतील, कशातच रस घेत नसतील, आपण सगळ्यांना नकोसे झालो आहोत असे वारंवार म्हणत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांची मदत घ्या. गंभीर आजारात नैराश्य येणारच, असे म्हणून ते सोडून देण्याची रीत पडली आहे. वास्तविक त्यावर शेवटच्या टप्प्यातही उपचार होऊ शकतात.

आता वेदनेकडे वळते, कारण तुमचे पत्र वाचून मला सर्वांत जास्त राग कशाचा आला असेल, तर एका न लिहिलेल्या गोष्टीचा. केमोथेरपी थांबली असे तुम्ही लिहिता, पण वेदनेवर काय चालू आहे, याचा उल्लेखही नाही. ‘आता काही करण्यासारखे नाही’ हे वाक्य फक्त कर्करोग बरा करण्यापुरते खरे असते. त्यानंतर करण्यासारखे पुष्कळ असते, आणि त्यासाठी पॅलिएटिव्ह केअर ही वैद्यकाची स्वतंत्र शाखाच आहे. इंग्लंडमध्ये डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचे सेवाकेंद्र, सुरू करून तिचा पाया घातला. मुंबईत शांती आवेदना सदन हे असेच हॉस्पिस १९८६ पासून आहे, आणि टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत हा विभाग असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या ज्या रुग्णांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक चांगले गेले, अखेरीस त्यांच्यावर झोंबाझोंबीचे उपचार कमी झाले आणि तरीही ते इतरांपेक्षा अडीच महिन्यांहून थोडे अधिक जगले.

हाडांत पसरलेल्या रोगाच्या वेदनेवर दुखऱ्या जागी रेडिएशनचा अवघा एक डोस देता येतो. अनेकांना त्याने काही आठवड्यांत बराच आराम पडतो. तो रोग घालवण्यासाठी नसतो, म्हणून ‘आता कशाला’ असे म्हणून पुष्कळदा सुचवलाच जात नाही. दुसरा उपाय मॉर्फीन. तोंडाने घेण्याच्या मॉर्फीनच्या गोळ्या कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर जगभर वापरल्या जातात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच त्यांना वेदनाशमनाच्या शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवले. भारतात अमली पदार्थांच्या कायद्यातल्या जाचक अटींमुळे त्या मिळणे अनेक वर्षे कठीण होते. २०१४ च्या दुरुस्तीने त्या अटी पुष्कळ सैल केल्या. मॉर्फीन म्हणजे व्यसन किंवा मॉर्फीन म्हणजे शेवट, ही समजूत घरांत घट्ट बसली आहे, आणि काही डॉक्टरांच्या मनातही ती आहे. वेदनेच्या प्रमाणात, ठरावीक तासांनी आणि हळूहळू वाढवत दिलेले मॉर्फीन माणसाला मारत नाही. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ होऊ शकते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक बरोबर हवेच. हेच औषध अगदी लहान मात्रेत धापही कमी करते. फुप्फुसाभोवती पाणी साठले असेल, तर ते काढल्यानेही श्वास मोकळा होतो. चेहऱ्यावर येणारा छोट्या पंख्याचा वारा आणि पुढे झुकून बसण्याची पद्धत या साध्या गोष्टी तर आजच करून पाहता येतील.

एक सूचना लक्षात ठेवा. मणक्यात रोग आहे म्हणून सांगते : बाबांच्या पायांतली शक्ती अचानक कमी झाली, पाय बधिर वाटू लागले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मज्जारज्जूवर दाब आल्याची ती लक्षणे असू शकतात, आणि उपचाराला उशीर झाल्यास उरलेले दिवस अंथरुणाला खिळून काढावे लागतात.

एवढे सगळे करूनही काही रुग्णांची तगमग अखेरच्या दिवसांत थांबत नाही, हे मी लपवणार नाही. अशा वेळी पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर त्रास जाणवू नये इतपत गुंगीचे औषध देतात आणि रुग्ण नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत शांत झोपेत राहतो. हेतू त्रास थांबवण्याचा असतो आणि मात्रा त्रासाच्या प्रमाणात ठरते. योग्य रीतीने दिलेल्या अशा गुंगीमुळे मृत्यू अलीकडे ओढला जात नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. ही सोय आहे हे बाबांना आत्ताच कळू द्या. तुम्ही त्यांना जे वचन देऊ शकता, ते असे : ‘बाबा, इंजेक्शन देऊन सोडवणे माझ्या हातात नाही. पण तुम्हाला तळमळत ठेवू देणार नाही, आणि तुम्हाला नको असलेली नळी कोणी तुमच्या घशात घालणार नाही, हे मी पाहीन.’

त्या वचनाचा उत्तरार्ध कायद्यात बसतो का, हे आता पाहू. १९९६ च्या ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. पुढे अरुणा शानबाग यांचे प्रकरण आले, ते तुम्हाला ठाऊक असेलच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच निश्चेष्ट अवस्थेत होत्या. त्यांना दिले जाणारे अन्न थांबवावे, ही पत्रकार पिंकी विराणी यांची मागणी न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली, परंतु कठोर देखरेखीखाली जीवरक्षक उपचार काढून घेता येतील हे तत्त्व प्रथमच मान्य केले. त्या खटल्यातला खरा पेच असा होता की अरुणाताईंना स्वतःला काय हवे होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. एकीकडे त्यांच्यासाठी मरण मागणारी पत्रकार आणि दुसरीकडे त्यांना वर्षानुवर्षे जपणाऱ्या परिचारिका, दोन्ही बाजू मायेच्याच होत्या. तुमच्या घरात तुम्ही आणि दादा त्याच दोन जागांवर उभे राहू नयेत, यासाठी बाबा बोलू शकतात तोवर त्यांचे म्हणणे कागदावर यायला हवे.

तशी सोय ९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज खटल्यातील निकालाने झाली. सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात येतो, असे पाच न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले आणि लिव्हिंग विल, म्हणजे आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, वैध ठरवले. त्यातल्या अटी इतक्या किचकट होत्या की तो हक्क कागदावरच राहिला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने त्या सोप्या केल्या. आता बाबांनी दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून ती साक्षांकित करून घ्यायची. कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नकोत, हे नेमके लिहायचे. ‘कृत्रिम उपचार नकोत’ अशा मोघम वाक्याचा रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना काही उपयोग होत नाही. व्हेंटिलेटर, हृदय थांबल्यावर छाती दाबणे, डायलिसिस, नळीने अन्न, यांतल्या प्रत्येकाबद्दल वेगळे लिहावे. आपल्या वतीने बोलणाऱ्या एका किंवा अधिक जवळच्या व्यक्तींची नावे त्यात द्यायची असतात. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले आहेत. बाबांचे मत बदलले, तर ते हा कागद केव्हाही रद्द करू शकतात.

प्रत्यक्ष वेळ आल्यावर रुग्णालयातले तीन डॉक्टरांचे एक मंडळ आणि त्यानंतर दुसरे मंडळ आपले मत देते, दोन्हींनी शक्यतो ४८ तासांच्या आत निर्णय द्यावा असे अपेक्षित आहे, आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. मात्र ही सगळी यंत्रणा रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नसेल तेव्हासाठी आहे. आज बाबा शुद्धीत आहेत, समजून बोलत आहेत. आज त्यांनी ‘मला अतिदक्षता विभागात जायचे नाही’ असे सांगितले, तर तो त्यांचा हक्कच आहे. त्यासाठी कोणतेही मंडळ लागत नाही, तुमची परवानगी लागत नाही आणि दादाचीही नाही.

दादाबद्दल रागावू नका. वडील जाणार, हे त्यांनी अजून स्वीकारलेले नाही, आणि व्हेंटिलेटरचा आग्रह हा त्यांच्या दृष्टीने मुलाच्या कर्तव्याचा शेवटचा पुरावा आहे. त्यांच्याशी तत्त्वाचा वाद घालून काही निष्पन्न होणार नाही. इतक्या पुढे गेलेल्या रोगात व्हेंटिलेटर काय करतो, हे डॉक्टरांनीच त्यांना सांगावे : नळी असताना बोलता येत नाही, बहुधा गुंगीत ठेवावे लागते, भेटायला दिवसातून थोडाच वेळ मिळतो आणि फुप्फुसे मात्र होती तशीच राहतात. उपचार थांबवल्यावर मृत्यू येतो तो रोगाने. न्यायालयानेही इंजेक्शन आणि हे यांत हाच भेद केला आहे. दादांना अगदीच पटत नसेल, तर एक मधला मार्ग असतो. न्यूमोनियासारखे बरे होण्याजोगे काही उद्भवले, तर ठरावीक दिवसांपुरते उपचार करून पाहायचे आणि फरक पडला नाही तर थांबायचे, असे आधीच ठरवता येते. अर्थात, बाबांची त्याला तयारी असेल तरच.

माझे स्वतःचे मत कोणी विचारले, तर शुद्धीत असलेल्या, मृत्यूच्या दाराशी आलेल्या आणि सगळे उपाय करून थकलेल्या माणसाला कायद्याने कधीतरी अधिक मोकळीक द्यावी, असे मला वाटते. पण मॉर्फीनची गोळीदेखील गरजूंपैकी फार थोड्यांच्या हाती पडते अशा देशात, माणूस मरण मागतो आहे ते इच्छेने की उपचारांअभावी, हे कोण ठरवणार? घराला भार होऊ नये म्हणून ‘हो’ म्हणणारे आईवडील आपल्याकडे कमी नाहीत. तुमच्या बाबांच्या बाबतीतही वेदना आणि धाप आटोक्यात आल्यावर ते काय म्हणतात, ते ऐकल्याशिवाय त्यांच्या मागणीवर मत बनवण्याची माझी तयारी नाही.

भेटीच्या दिवशी दादांना बरोबर न्या. डॉक्टरांना पहिला प्रश्न पॅलिएटिव्ह केअरच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी देण्याबद्दल विचारा, दुसरा मणक्याच्या रेडिएशनबद्दल, आणि तिसरा रात्री त्रास वाढल्यास कोणाला फोन करायचा याबद्दल. घरी येऊन सेवा देणारे पथक आहे का, तेही विचारा. तुम्ही स्वतः किती थकला आहात, हे तुमच्या पत्राच्या ओळीओळींत दिसते. बोलावेसे वाटले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते. इच्छापत्राचा कच्चा मसुदा भेटीआधीच बाबांच्या शब्दांत लिहून ठेवा, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि त्यातला वैद्यकीय भाग डॉक्टरांना तिथेच बसून वाचायला द्या, म्हणजे मोघम राहिलेले शब्द त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेता येतील.